तार्त्युफला घरात कोण घेतो?

रंगभूमीवर ढोंगी माणसं पुष्कळ आली, पण फ्रेंच नाटककार मोलिएरच्या तार्त्युफइतकी वादळं फार थोड्यांनी उठवली असतील.

१२ मे १६६४ रोजी व्हर्सायला चौदाव्या लुईसमोर या नाटकाचा पहिला प्रयोग झाला. लगेच धर्मनिष्ठ मंडळी खवळली आणि राजाने जाहीर प्रयोगांना मनाई केली. १६६७ मध्ये मोलिएरने पात्राचं नाव बदलून नाटक पुन्हा आणलं. एकच प्रयोग झाला आणि बंदी आली. पॅरिसच्या आर्चबिशपने तर नाटक पाहणाऱ्या-वाचणाऱ्यांना धर्मबहिष्काराची धमकी दिली. अखेर ५ फेब्रुवारी १६६९ ला परवानगी मिळाली.

आरोप होता धर्माच्या टिंगलीचा. खरं तर मोलिएरने पहिले दोन अंक तार्त्युफला रंगमंचावर आणलंच नाही. खरा भाविक कोण आणि सोंगाड्या कोण, हे प्रेक्षकाला आधीच कळावं म्हणून! तिसऱ्या अंकात तो येतो, तेही मोलकरीण दिसताच नोकराला ऐकवत, की माझा तपश्चर्येचा चाबूक नीट ठेव.

उर्दूत अशाला आपण रियाकार म्हणतो. मला मात्र घरमालक ऑर्गन जास्त सतावतो. घरचे सावध करतात, तरी तो तार्त्युफला मुलगी द्यायला निघतो. तक्रार करणाऱ्या मुलाला हाकलतो, घरदार लिहून देतो. टेबलाखाली लपून स्वतःच्या कानांनी ऐकतो, तेव्हा कुठे त्याचे डोळे उघडतात.

तार्त्युफ ऑर्गनच्या जिवावर जगतो. कुणाच्या हातातली तस्बीह लांब दिसली, की आपणही त्याच्याकडे चंद्याचा हिशोब मागायला कचरतो, नाही का?