जपाननें गिरविलेला धडा

जपानच्या उत्कर्षाची कथा आपण बहुधा कौतुकानें ऐकतों. परंतु तिची दुसरी बाजूहि ध्यानीं घेणें अगत्याचें आहे.

दोन शतकांहून अधिक काळ परकीयांना बहुतांशीं दारें मिटून बसलेल्या या देशाच्या उरागा बंदरापुढें १८५३ सालीं अमेरिकेचा नौसेनापति पेरी चार युद्धनौका घेऊन उभा राहिला. पुढें १८५८ च्या तहांनीं परकीय अपराध्यांचा न्याय करण्याचा आणि स्वतःच्या मतें जकात ठरविण्याचा जपानचा अधिकार गेला. हा अपमान जपानी मुत्सद्द्यांच्या जिव्हारीं लागला. १८६८ सालीं मेइजी राजवट आल्यावर त्यांनीं सरंजामशाही मोडली, १८७२ सालीं सार्वत्रिक शिक्षणाचा व १८७३ सालीं सक्तीच्या लष्करभरतीचा कायदा केला.

परंतु स्वतःच्या बेड्या तुटण्यापूर्वींच, १८७६ सालीं, जपाननें आरमाराचा धाक घालून कोरियावर तसाच तह लादला. तेथेंहि जपानी अपराध्याचा न्याय जपानी अधिकाऱ्यानेंच करावयाचा होता!

१९०५ सालीं जपाननें रशियाला नमविलें, तेव्हां हिंदुस्थानांतील सुशिक्षितांना हर्ष झाला. त्याच वर्षीं कोरियाचा परराष्ट्रव्यवहार जपाननें हातीं घेतला, आणि १९१० सालीं तें राज्यच गिळंकृत केलें. पुढल्याच वर्षीं, १९११ सालीं, जपानला जकातीचें स्वातंत्र्य पूर्णपणें परत मिळालें.

बलवान् कसें व्हावें हें जपान पश्चिमेकडून शिकला. दुर्बलाला कसें वागवावें हेंहि त्यानें तेथूनच उचललें. या दुसऱ्या धड्याचें मोल कोरियानें १९४५ पर्यंत भरलें.