दोन बेटांवरचे शिसे

वर्गात पृथ्वीचा छेद काढताना कवचाखालचे प्रावरण आपण एकाच रंगाने भरतो. प्रावरण सर्वत्र सारख्याच घडणीचे असावे, ही कल्पना सोयीची होती. तिला धक्का दिला तो अटलांटिक महासागरातील दोन लहान बेटांनी.

प्रावरण सुमारे २९०० किलोमीटर जाड आहे. तिथवर आपण पोचू शकत नाही. ज्वालामुखी मात्र त्याचा वितळलेला अंश वर आणतात. वितळताना खडकाची रासायनिक घडण बदलते. मग मूळ खडक ओळखायचा कसा? येथे समस्थानिक उपयोगी पडतात. युरेनियम-२३८ पासून अतिशय सावकाश शिसे-२०६ तयार होते. रुबिडियम-८७ पासून स्ट्रॉन्शियम-८७. शिसे-२०४ मात्र कोणत्याही किरणोत्सारी मूलद्रव्यापासून तयार होत नाही. म्हणून २०६ व २०४ यांच्या गुणोत्तरावरून त्या खडकात दीर्घकाळ युरेनियम किती होते ते कळते. खडक वितळला तरी हे गुणोत्तर बदलत नाही.

खंडांवर एक अडचण येते. शिलारस जुन्या, जाड कवचातून वाट काढताना त्याचा अंश उचलतो. आपल्या दख्खनच्या काही लाव्हाथरांत अशी भेसळ आढळते. महासागरतळाचे कवच पातळ व तरुण असल्याने तिथे हा धोका फार कमी.

म्हणूनच पॉल गॅस्ट, जॉर्ज टिल्टन आणि कार्ल हेज यांचे १९६४ सालचे काम महत्त्वाचे ठरले. त्यांनी असेन्शन व गॉफ या बेटांवरचे खडक तपासले. दोन्ही बेटे मध्य अटलांटिक पर्वतरांगेवरची. त्यांच्यात अंतर सुमारे साडेतीन हजार किलोमीटर. शिशाचे गुणोत्तर असेन्शनच्या बेसाल्टमध्ये १९.५ भरले, तर गॉफच्या १८.४. स्ट्रॉन्शियम-८७ चे प्रमाण मात्र उलट गॉफमध्ये अधिक होते. असा फरक पडायला कोट्यवधी वर्षे लागतात. म्हणजे या बेटांखालचे प्रावरण तितका काळ एकमेकांत मिसळलेच नव्हते!

हा वेगळेपणा आला कोठून? खाली गेलेले सागरी कवच प्रावरणात साठते आणि पुढे बेटांच्या ज्वालामुखींतून पुन्हा वर येते, असे आल्ब्रेख्ट हॉफमन व विल्यम व्हाइट यांनी १९८२ साली सुचवले. दक्षिण गोलार्धात, हिंदी महासागरासह, अशा वेगळ्या प्रावरणाचा विस्तीर्ण पट्टा असल्याचे स्टॅन्ली हार्ट यांनी १९८४ साली दाखवले. द्युप्रे व आलेग्र या संशोधकांच्या नावांवरून त्यांनी त्याला ‘दुपाल’ म्हटले.

हे कवच किती खोल जाते, किती काळ टिकते, यावर आजही वाद आहेत. प्रावरण एकजिनसी आहे असे म्हणणे मात्र त्या दोन बेटांनंतर कठीण झाले.