खिशातल्या चाकूवरून गप्पा आजोबांपर्यंत कशा पोहोचतात?

अमेरिकेत घडीच्या चाकूंचे शौकीन जमले, की गप्पा पात्यावरून हमखास घरच्यांवर येतात. कारण अनेकांना पहिला चाकू वडिलांनी किंवा आजोबांनी दिलेला असतो.

‘केस’ कंपनीच्या चाकूचं वयही कळतं. १९७० मध्ये पात्याच्या बुडाशी शिक्क्यासोबत १० ठिपके होते. पुढे दरवर्षी एक कमी होत गेला. म्हणजे त्या दशकातला ७ ठिपके असलेला चाकू १९७३ चा. मग तेव्हा आजोबा काय करत होते, हा विषय निघतोच.

चाकू भेट दिला की नातं तुटतं, असा तिथे जुना समज आहे. म्हणून घेणारा बदल्यात एक नाणं देतो. झाली खरेदी!

जुना चाकू मिळाला, तर घासून चकचकीत करू नका. शिक्का पुसला, की त्याचं सालही गेलं.