परवाना, नाव, पत्ता

११ जानेवारी १९८२, सोमवार. दुपारचा साधारण दीड. वडाळ्यात आंबेडकर कॉलेजजवळ एक टॅक्सी थांबली आणि सदतीस-अडतीस वर्षांचा एक माणूस खाली उतरला. आसपास साध्या वेशातले पोलीस विखुरले होते. गुन्हे शाखेचे अठरा जण, तीन तुकड्या. खबर पक्की होती, फिल्डिंग लागलेली होती. पुढचं सगळं काही क्षणांत उरकलं. पोलिसांच्या सांगण्यानुसार त्या माणसाला संशय आला आणि त्याने रिव्हॉल्व्हर काढलं. इसाक बागवान आणि राजा तांबट या दोन अधिकाऱ्यांनी गोळ्या झाडल्या, पाच गोळ्या त्याच्या छातीत आणि खांद्यात गेल्या. सायनच्या रुग्णालयाच्या वाटेवरच तो संपला.

तो माणूस म्हणजे मनोहर अर्जुन सुर्वे, म्हणजेच मन्या सुर्वे. मूळचा रत्नागिरीकडचा, दादरच्या कीर्ती कॉलेजात शिकलेला. खुनाच्या खटल्यात जन्मठेप झाली, आणि नोव्हेंबर १९७९मध्ये रत्नागिरीच्या रुग्णालयातून तो पोलिसांच्या हातावर तुरी देऊन पळाला. त्यानंतरची दोन-सव्वादोन वर्षं दरोडे आणि टोळीयुद्धात गेली. मुंबईतलं नोंदलेलं पहिलं एन्काउंटर म्हणून वडाळ्याचंच नाव घेतात. ‘पहिलं’ हा मान कशाचा, हा भाग वेगळा.

मराठी वर्तमानपत्रांनी एन्काउंटरला ‘चकमक’ हा शब्द दिला. शब्द मोठा बोलका आहे. चकमक झडायला गारगोटी लागते आणि पोलादही लागतं, नुसत्या गारगोटीवर ठिणगी पडत नाही. म्हणजे हा शब्द वापरला की समोरूनही काही झालं होतं, हे आधीच मान्य करून टाकल्यासारखं होतं. पुढे तीस वर्षं न्यायालयांत जो वाद चालला, तो नेमका या पोलादाबद्दलच होता.

हातात उघडं हत्यार असलेल्या माणसाशी पोलिसाने कसं बोलावं, हे आपल्या कायद्यात लिहिलेलं आहे, आणि फार साध्या भाषेत. शस्त्र कायदा १९५९, कलम १९. हत्यार घेऊन निघालेल्या कोणाकडेही कोणताही पोलीस, अगदी शिपाईसुद्धा, परवाना मागू शकतो. परवाना दाखवला नाही तर नाव आणि पत्ता विचारायचा, गरज वाटली तर हत्यार ताब्यात घ्यायचं. नाव सांगायला नकार दिला, खोटं सांगितल्याचा संशय आला किंवा माणूस पळणार असं दिसलं, तर वॉरंटशिवाय अटक. परवाना, नाव, पत्ता, अटक. या उतरंडीत गोळीला पायरीच नाही. गोळी येते ती दुसऱ्या कायद्यातून, स्वसंरक्षणाच्या हक्कातून.

या कायद्याच्या आधीचा कायदा व्हाइसरॉय लिटनचा, १८७८ सालचा. हिंदी माणसाला बंदुकीसाठी परवाना सक्तीचा, युरोपियनाला मात्र सूट. हाच लिटन, आणि हेच देशी वृत्तपत्रांच्या गळचेपीच्या कायद्याचंही वर्ष. पुढच्याच वर्षी वासुदेव बळवंत फडक्यांचं बंड झालं, तेव्हा कायद्याने फारसं काही अडवलं होतं असं नाही. काँग्रेसने हा कायदा अपमानास्पद मानला आणि १९३१च्या कराची ठरावात नियमांच्या चौकटीत शस्त्र बाळगण्याचा हक्क मूलभूत हक्कांमध्ये घातला.

म्हणून डिसेंबर १९४८मध्ये हरी विष्णू कामतांनी संविधान सभेत तोच हक्क घटनेत घालण्याची दुरुस्ती मांडली, तेव्हा ती काही वेडगळ मागणी नव्हती. डॉ. आंबेडकरांनी ती मानली नाही. सराईत गुन्हेगारही उद्या हा हक्क मागेल, तेव्हा शस्त्रांवर नियंत्रण राज्याच्याच हाती हवं, असा त्यांचा युक्तिवाद होता. हक्क घटनेत आला नाही. तेहतीस वर्षांनी त्यांच्याच नावाच्या कॉलेजाजवळ, बिनपरवाना हत्यार बाळगणारा एक सराईत गुन्हेगार राज्याच्या गोळ्यांनी पडला. योगायोगच, पण चुटपुट लावणारा.

अमेरिकेत गोष्ट उलटी. तिथल्या अनेक राज्यांत कमरेला पिस्तूल लावून रस्त्याने चालणं कायदेशीर आहे, त्यामुळे नुसतं हत्यार दिसलं म्हणून पोलिसाने अडवावं का, नाव विचारावं का, यावरच खटले लढले जातात. २००४मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने नेवाडातल्या एका खटल्यात निकाल दिला की वाजवी संशय असेल तर नाव सांगण्याची सक्ती करता येते. आपल्याकडे हत्यार दिसणं एवढंच कारण पुरतं. २०१६च्या शस्त्र नियमांनुसार तर परवाना असला तरी सार्वजनिक ठिकाणी हत्यार होल्स्टरमध्ये किंवा योग्य वेष्टनात हवं, ते मिरवायचं नाही.

पण ओळख सांगायची ती एकट्या नागरिकानेच का? भारतीय दंड संहितेच्या कलम ९९ला एक स्पष्टीकरण जोडलेलं होतं, ते मुद्दाम वाचण्यासारखं. समोरचा माणूस सरकारी नोकर आहे हे ठाऊक नसेल आणि तसं मानायला काही कारणही नसेल, तर त्याच्याविरुद्धचा स्वसंरक्षणाचा हक्क माणूस गमावत नाही. साध्या वेशातल्या पोलिसाने ‘मी पोलीस’ म्हणणं ही रीतभात नव्हे, त्यावर पुढचा सगळा कायदा उभा आहे. १८ डिसेंबर १९९६ रोजी डी. के. बसू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने घातलेली पहिलीच अट अशी होती: अटक करणाऱ्याच्या अंगावर नाव आणि हुद्दा स्पष्ट वाचता येईल अशी पट्टी हवी.

मन्या सुर्वे फरारी जन्मठेपेचा कैदी होता आणि त्याच्याबद्दल हळहळण्याचं कारण नाही. गिरणगावाला तर त्याच्याकडे बघायला वेळही मिळाला नाही, कारण पुढच्याच सोमवारी, १८ जानेवारीला, दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला. पण वडाळ्याने एक वाट पाडून दिली. १९९५ ते १९९७ या काळात मुंबईत ९९ चकमकी झाल्या आणि त्यांत सुमारे १३५ माणसं मेली. हे आकडे सर्वोच्च न्यायालयाच्या निकालपत्रात आहेत. १९९७मधल्या एका चकमकीत तर मेलेला माणूस टोळीतला की शेंगदाणे विकणारा, यावरच वाद उभा राहिला. मेल्यानंतर ओळख पटवण्याची पाळी आली.

पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीजने या चकमकींवरून लढवलेल्या खटल्यात २३ सप्टेंबर २०१४ रोजी सरन्यायाधीश रा. म. लोढा आणि न्या. रोहिंटन नरिमन यांनी सोळा सूचना घालून दिल्या. चकमकीत मृत्यू झाला की गुन्हा नोंदवायचा. तपास सीआयडीने किंवा दुसऱ्या ठाण्याने करायचा. दंडाधिकाऱ्यांची चौकशी व्हायची. पोलिसांनी आपली हत्यारं तपासणीसाठी जमा करायची, आणि घटनेनंतर लगेच बढती किंवा शौर्यपदक द्यायचं नाही. त्याच्या आदल्याच वर्षी वडाळ्यावर हिंदी सिनेमा येऊन गेला होता. लोकांच्या लक्षात सिनेमा राहिला, सूचना किती जणांना ठाऊक आहेत कोण जाणे.

१ जुलै २०२४ रोजी जुनी फौजदारी प्रक्रिया संहिता गेली. तिच्या कलम ४१-बमधली पोलिसाच्या नावाची अट नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३६मध्ये तशीच आली आहे.