पेवातला कंदील

सांगलीजवळ कृष्णा आणि वारणा जिथे मिळतात, त्या हरिपूरला हळद जमिनीच्या पोटात, पेवात, साठवण्याची रीत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. खोलवर घट्ट माती, मध्ये दगड नाही. तिथे खणलेल्या पेवाचं तोंड एक माणूस जेमतेम उतरेल एवढंच, आणि आत गेल्यावर सुरईसारखं रुंदावलेलं पोट. तळाला आणि कडांना उसाचा पाला लावायचा, हळकुंडं भरायची आणि तोंड मातीने लिंपून बंद करायचं. भाव मिळेपर्यंत, कधी काही वर्षंही, माल तसाच राही. कीड लागत नसे, रंग उतरत नसे. वाई-कराडपासून खाली सांगलीपर्यंत कृष्णाकाठ हळदीचाच.

पेवाची करामत हवेत होती. बंद जागेत हळकुंडं, त्यांवरचे सूक्ष्म जीव आणि किडे मिळून ऑक्सिजन संपवत, कार्बन डायऑक्साइड वाढत जाई आणि किडीचा जीव गुदमरे. औषधाचा एक थेंबही लागत नसे.

पण जी हवा किड्याला मारते ती हमालालाही सोडत नाही. म्हणून पेव उघडलं की काही तास तसंच ठेवत आणि मग दोरीला बांधून पेटता कंदील आत सोडत. तो विझला, तर कोणी उतरायचं नाही. मोकळ्या हवेत सुमारे 21 टक्के ऑक्सिजन असतो. तो 16-17 टक्क्यांच्या आसपास आला की साधी ज्योत मालवते. माणसाची शुद्ध हरपते ती त्याहून बऱ्याच खालच्या पातळीला. म्हणजे कंदील माणसाच्या आधी हार मानत असे, आणि तेवढ्या अंतरात जीव वाचे. शाळेत रसायनशास्त्र न शिकलेल्या माणसांनी शोधलेली ही परीक्षा खरोखर थोर आहे.

कंदिलाच्या या परीक्षेची मर्यादा कळते ती दुसऱ्या एका पदार्थाशेजारी ठेवल्यावर. अठराव्या शतकाच्या शेवटी हॉलंडमधल्या चार रसायनशास्त्रज्ञांनी एथिलीन आणि क्लोरीन एकत्र आणून तेलकट द्रव मिळवला. ‘डच तेल’ म्हणून ओळखला गेलेला हा द्रव म्हणजे एथिलीन डायक्लोराइड. क्लोरोफॉर्मसारखा गोडसर वास, 83.5 अंशांना उकळणारा, चरबी-मेण सहज विरघळवणारा. क्लोरीन असलेले बरेच द्रावक पेट घेत नाहीत, म्हणून याच्याबाबतही माणूस गाफील राहतो. हा मात्र पेटतो. अवघ्या 13 अंशांना त्याची वाफ ठिणगीची वाट पाहू लागते. सांगलीत हिवाळ्यातल्या दुपारीही तापमान त्याच्या कितीतरी वर असतं.

किडे मारण्याचा त्याचा गुण साठवणुकीच्या कामी आला. 1927 मध्ये कॉटन आणि रोर्क या अमेरिकी संशोधकांनी तीन भाग एथिलीन डायक्लोराइडमध्ये एक भाग कार्बन टेट्राक्लोराइड मिसळून न पेटणारं धुरीचं औषध सुचवलं. दोघांचे उत्कलनबिंदू जवळजवळ असल्याने वाफेतही दोन्ही बरोबर राहत. भारतात हे मिश्रण ‘ईडीसीटी’ म्हणून धान्याच्या साठ्यासाठी वापरात आलं. 1968 च्या कीटकनाशक कायद्याच्या सूचीत त्याचं नाव आहे. आगीचा धोका टळला, तरी विष टळलं नव्हतं. कार्बन टेट्राक्लोराइड यकृताला घातक, शिवाय ओझोनचा थर विरळ करणारं. माँट्रियल करारामुळे 2010 पासून त्याचा असा वापर बंद झाला.

आता नुसत्या एथिलीन डायक्लोराइडची वाफ एखाद्या खड्ड्यात किंवा टाकीत साचली आहे असं समजा. ती हवेच्या सुमारे साडेतीन पट जड, म्हणून तळाशीच बसणार. हवेत तिचं प्रमाण 6 ते 16 टक्क्यांच्या दरम्यान असताना पेटता कंदील खाली सोडला, तर तो विझणार नाही, भडका उडेल. जळताना हायड्रोजन क्लोराइड आणि फॉस्जीनसारखे विषारी वायूही निघतील. आणि वाफ अगदी विरळ असली तर ज्योत शांतपणे जळत राहील, ते तर अधिक फसवं. कामाच्या जागी या वाफेची मर्यादा दहा लाखांत 10 भाग एवढीच मानतात. तिथे कंदील काही सांगत नाही आणि नाकावरही भरवसा ठेवता येत नाही. म्हणून अशा द्रावकाजवळ ज्योत, बिडी, ठिणगी उडवणारं बटण काहीच नको. पिंपातून ओतताना दोन्ही भांडी तारेने जमिनीशी जोडलेली हवीत आणि हवा खेचणारा पंखा वर नाही, जमिनीलगत हवा. साध्या रबरी हातमोज्यातून हा द्रव आरपार जातो, हेही लक्षात ठेवावं.

2005 च्या महापुरात हरिपूरच्या पेवांत पाणी शिरलं आणि बरीच पेवं कायमची गेली. 2018 मध्ये सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं, पण माल आता बहुतांशी गोदामांत आणि शीतगृहांत राहतो. गोदामांत धुरीला आज ॲल्युमिनियम फॉस्फाइड वापरतात. दमट हवेत त्यातून निघणारा फॉस्फिन वायू 1.8 टक्क्यांपुढे गेला की ठिणगीवाचूनही पेटू शकतो. तेव्हा गोदामवाल्यांनी आणि हमालांनी एवढं करावं: धुरी दिलेल्या जागेत ज्योत नेऊ नये, वायुमापक यंत्राने हवा तपासल्याशिवाय पाऊल टाकू नये, आणि आत कोणी कोसळला तर श्वसनयंत्र लावल्यावाचून त्याच्यामागे उडी घेऊ नये.