आसवें, सूक्ष्मजीव आणि पिंपरीची माती

आंबणें हा शब्द घरांत बहुधा अन्न बिघडल्याचा वाचक असला, तरी वैद्यकाच्या इतिहासांत त्यास मोठा मान आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानांत ८४ आसवांची गणना आहे. वनस्पतींचा रस अथवा काढा, गूळ आणि धायटीचीं फुलें भांड्यांत घालून तोंड बंद करावयाचें व तें कित्येक दिवस निवांत ठेवावयाचें, या विधीस आयुर्वेद संधान म्हणतो. फुलांबरोबर आलेलें किण्व गुळांतील साखरेचें मद्य करतें. तेंच मद्य वनस्पतींतील द्रव्यें उतरवून घेतें आणि औषध टिकवितें. किण्व हा सजीव आहे हें प्राचीन वैद्यांस ठाऊक नव्हतें. त्याचें कार्य मात्र त्यांनीं नेमकें हेरलें होतें.

याच विद्येचें अर्वाचीन रूप पुण्याजवळील पिंपरीस उभें राहिलें. जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या साहाय्यानें १९५४ मध्यें हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला व १९५५ मध्यें तेथें पेनिसिलिन होऊं लागलें. भांड्याच्या जागीं पोलादी टाक्या आल्या आणि फुलांवरील किण्वाच्या जागीं निवडून शुद्ध केलेली बुरशी. पुढें तेथील संशोधक एम. जे. तिरुमलाचार व त्यांचे सहकारी यांनीं पिंपरीच्याच मातींतून एक सूक्ष्मजीव वेगळा केला. त्यास स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना असें गांवाचें नांव मिळालें, आणि त्यापासून बुरशीजन्य रोगांवरील हॅमायसिन हें औषध निघालें.

या स्ट्रेप्टोमायसिस कुळानें कर्करोगावरील औषधेंहि दिलीं आहेत. डॉक्सोरुबिसिन हें त्यांतलेंच. पण कर्कपेशी मारतांना तें रक्तांतील पांढऱ्या पेशींचीहि हानि करतें. ईस्टर बेटाच्या मातींतील याच कुळांतल्या जीवापासून सुरेंद्रनाथ सेहगल व त्यांच्या सहकाऱ्यांनीं बुरशीनाशक म्हणून रॅपामायसिन मिळविलें. तें प्रतिकारशक्ति दडपतें असें आढळलें, आणि तोच गुण रोपण केलेलें मूत्रपिंड टिकविण्यास उपयोगी पडला. सारांश, आंबविलेल्या पदार्थानें प्रतिकारशक्ति वाढतेच असा नियम नाहीं. त्यांतून कोणतें द्रव्य निघालें, तें किती मात्रेनें दिलें आणि कोणत्या रोग्यांवर पारखलें, हेच खरे प्रश्न होत.

वनस्पतींचे आंबविलेले अर्क कर्करोग बरा करतात, असें सांगणारे आज पुष्कळ आहेत. कांचपात्रांत कर्कपेशी मेल्या, एवढा पुरावा त्यांस पुरेसा वाटतो. परंतु कांचपात्रांत साधें मद्यहि पेशी मारतें. रोग्यांवरील तुलनात्मक चाचण्यांनीं असा कोणताहि अर्क कर्करोग बरा करतो हें सिद्ध झालेलें नाहीं. पिंपरीचा कारखाना ज्या वर्षीं निघाला, त्याच १९५४ मध्यें औषधांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्ध कायदा झाला, आणि कर्करोगावरील औषधाची जाहिरात त्यानें निषिद्ध ठरविली. औषध निर्माण करणें आणि त्याच्याविषयींची वाणी आवरणें, हीं दोन्ही कर्तव्यें त्या एका वर्षानें शासनाच्या पदरीं घातलीं.

प्रारंभीं शस्त्रक्रियेनें निघूं शकणारी गांठ बाटलीच्या भरवशावर वाढूं दिली, तर गेलेला काळ कोणताहि वैद्य परत देऊं शकत नाहीं. आसवांचा मान राखावयाचा असेल, तर पिंपरीच्या मातीस जी परीक्षा द्यावी लागली, तीच त्यांनींहि द्यावी. चरकाच्या नांवावर ती माफ होण्याचें कारण नाहीं.