प्रौढ मताधिकार आणि पात्रतेचा प्रश्न

लोकांना आपला कारभार आपण नीट चालविता येतो काय, या प्रश्नाची चर्चा करताना मतदाराच्या पात्रतेची चिकित्सा पुष्कळ होते. निवडणूक-पद्धतीच्या पात्रतेची मात्र क्वचितच. या दृष्टीने भारतातील पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीचा (१९५१-५२) इतिहास उद्बोधक आहे.

१९३५ च्या कायद्यान्वये मताधिकार हा मुख्यतः मालमत्ता, करभरणा व शिक्षण यांवर अवलंबून होता. निरक्षराच्या ठायी राजकीय विवेक नसतो, असे त्यामागील गृहीत होते. सायमन आयोगापुढे प्रौढ मताधिकाराचा पुरस्कार करताना डॉ. आंबेडकरांनी हे गृहीत अमान्य केले होते. निरक्षर मनुष्य बुद्धिहीन असतोच असे नाही, हा त्यांचा युक्तिवाद होता. पुढे संविधानाच्या ३२६ व्या अनुच्छेदाने प्रौढ मताधिकार प्रस्थापित केला. पहिल्या निवडणुकीत सुमारे १७ कोटी ३२ लाख मतदार नोंदले गेले. १९५१ च्या जनगणनेनुसार साक्षरतेचे प्रमाण मात्र १८ टक्क्यांच्या आसपासच होते.

तेव्हा पद्धतीलाच मतदाराजवळ जावे लागले. प्रत्येक उमेदवाराची चिन्हांकित पेटी स्वतंत्र ठेवण्यात आली. मतदाराने कोरी मतपत्रिका इष्ट पेटीत टाकली की मत नोंदले जाई. या सोयीत एक दोषही होता. मतपत्रिका पेटीत न टाकता बाहेर नेणे व विकणे शक्य होते. म्हणून १९६२ च्या सार्वत्रिक निवडणुकीपासून एकाच मतपत्रिकेवर नावे व चिन्हे छापून शिक्का मारण्याची पद्धत रूढ झाली. दशकभराच्या अनुभवानंतर निरक्षर मतदारावर हे अधिक अवघड कार्य सोपविता आले, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे.

याहून गंभीर उणीव मतदारयादीत आढळली. परक्या पुरुषास आपले नाव न सांगण्याच्या रूढीमुळे, विशेषतः उत्तर भारतात, असंख्य स्त्रियांनी आपली ओळख ‘अमक्याची पत्नी’ किंवा ‘अमक्याची कन्या’ एवढीच दिली. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी विशेषनामाचा आग्रह धरला आणि सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे यादीत येऊ शकली नाहीत. तोतया मतदान टाळण्यासाठी हा आग्रह समर्थनीय होता. तथापि त्याची किंमत मताधिकार नुकताच लाभलेल्या स्त्रियांनी मोजली. नाव न सांगणे ही रूढी होती, राजकीय अपात्रता नव्हे.

सारांश, स्वशासनाची पात्रता ही मताधिकारापूर्वी द्यावयाची परीक्षा नव्हे. मताधिकार बजावीत असतानाच ती सिद्ध होते. त्यासाठी लोकांइतकीच पद्धतीनेही आपली उणीव ओळखून ती दूर केली पाहिजे.